धक्का, नवल, अचंबा: इंग्रजीतले हे शब्द मुळापासून कसे शिकायचे

स्पर्धा परीक्षेचं कोणतंही गाईड उघडा. समानार्थी शब्दांच्या यादीत अस्टॉनिश, अमेझ, सरप्राइज, शॉक, स्टन, स्टार्टल, अपॉल, डम्फाउंड हे सगळे एका ओळीत असतात आणि सगळ्यांपुढे मराठीत एकच अर्थ लिहिलेला असतो, आश्चर्यचकित होणे. मराठी मीडियममधून आलेल्या पोराला हे वाचून वाटणारच की यातला कोणताही उचलला तरी चालतो. मग तो इंटरव्ह्यूत सांगतो की तुमच्या कंपनीचं काम बघून मी अपॉल्ड झालो, आणि समोरच्याला ऐकू जातं की तुमचं काम बघून मला किळस आली. यात दोष पोराचा नाही, त्या यादीचा आहे.

मी पण मराठी मीडियमचाच, नागपुरात कॉलेजला आल्यावर इंग्रजी वाचायला लागलो आणि या शब्दांचा गुंता सुटला तो त्यांची मुळं बघायला लागल्यावर. कारण यातला जवळजवळ प्रत्येक शब्द आधी मनाबद्दल नव्हताच, शरीराबद्दल होता. कोणाच्या डोक्यावर वीज कडाडली, कोणावर मागून झडप पडली, कोणाचा चेहरा पांढरा पडला, कोणाचे केस उभे राहिले, असं काहीतरी प्रत्येकात आहे. ते एकदा दिसलं की कोणता शब्द कुठे बसतो हे पाठ करावं लागत नाही. हा लेख अगदी पहिल्यांदा सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे, इंग्रजी अडखळत वाचता येत असलं तरी पुरे.

काय काय लागेल

- एक जाड वही. मोबाईलमधल्या नोट्स चालतात पण शब्दांच्या जोड्या बाणांनी जोडायच्या असतात, ते कागदावर सोपं जातं.
- इंटरनेट आणि दोन साइट्स: डग्लस हार्पर यांनी तयार केलेला ऑनलाइन एटिमॉलॉजी कोश, म्हणजे शब्दांची मुळं सांगणारा, आणि विक्शनरी. दोन्ही फुकट.
- रोजच्या वापराचा अर्थ बघायला विद्यार्थ्यांसाठीची एखादी साधी इंग्रजी डिक्शनरी. नागपुरात बर्डीच्या बाजारात जुन्या पुस्तकांत मिळाली तरी चालेल, फक्त उदाहरणाची वाक्यं असलेली घ्या.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. १८३१ चा आहे, १८५७ ला दुसरी आवृत्ती निघाली, आणि शिकागो विद्यापीठाच्या साइटवर पूर्ण शोधता येतो. हा काहून लागतो ते पुढे सांगतो.

ऑक्सफर्डचा मोठा कोश मिळाला तर उत्तमच, तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत विचारून बघा. त्याचा पहिला भाग १८८४ ला छापला गेला आणि काम पूर्ण झालं १९२८ ला, जेम्स मरे यांनी हजारो वाचकांकडून चिठ्ठ्या मागवून तो उभा केला, प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द आणि तो कोणत्या पुस्तकात कसा वापरला त्याचं वाक्य. ‘हा शब्द अमुक साली पहिल्यांदा सापडतो’ असं आज आपण जे सहज वाचतो ना, त्यामागे ही मेहनत आहे.

पायरी १: कोशातली नोंद वाचायला शिका

पहिल्यांदा नोंद उघडली की घाबरायला होतं, सगळे शॉर्टफॉर्म. ओ आणि ई म्हणजे ओल्ड इंग्लिश, साधारण ११०० सालाच्या आधीची. ओ आणि एफ म्हणजे जुनी फ्रेंच. एल म्हणजे लॅटिन. नोंद उलटी वाचायची असते, म्हणजे आजच्या शब्दापासून मागे मागे जायचं.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, नोंदीत दिलेलं साल म्हणजे शब्द जन्मला ते साल नव्हे, तो लिहिलेला पहिल्यांदा सापडला ते साल, लोक बोलत त्याच्या आधीपासून असतील. दोन, एखाद्या शब्दाआधी स्टारचं चिन्ह दिसलं तर तो शब्द कुठेच लिहिलेला सापडलेला नाही, अभ्यासकांनी बाकीच्या भाषा ताडून तो असा असावा असं मांडलंय. बरेच जण हा स्टार सोडून देतात आणि अंदाजाला पुरावा समजून बसतात.

आणि ‘मूळ अज्ञात’ असं लिहिलेलं असेल तर ते तसंच वहीत उतरवा. फ्लॅबरगास्ट घ्या, म्हणजे पार थक्क करणे. १७७२ साली तो इंग्लंडमध्ये नव्या फॅशनचा शब्द म्हणून छापून आला, पण आला कुठून ते कोणालाच ठाऊक नाही. फ्लॅबी आणि अगास्ट मिळून झाला असेल असा एक अंदाज आहे, अंदाजच.

पायरी २: शब्द कोणत्या घरचा ते आधी ठरवा

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-अडीचशे वर्षं राजदरबाराची आणि कोर्टाची भाषा फ्रेंच राहिली. म्हणून इंग्रजीत एकाच भावनेला तीन तीन घरचे शब्द आहेत. अमेझ, स्टार्टल, वंडर हे जुन्या इंग्रजीतले घरचे शब्द. अस्टॉनिश, सरप्राइज, अपॉल हे फ्रेंचमधून आलेले. आणि स्टुपिफाय (सुन्न करणे), पेट्रिफाय, कॉन्स्टर्नेशन (घाबरगुंडी) हे लॅटिन वळणाचे, शिकलेल्या लोकांच्या लिखाणातले, बोलताना फार कमी ऐकू येतात. पेट्रिफाइडचा अपवाद, तो लोक बोलतात.

वहीत तीन रकाने करा आणि सापडेल तो शब्द त्यात टाकत जा. एवढं केलं तरी ऑफिसच्या पत्रात कोणता आणि मित्राशी बोलताना कोणता हे बऱ्यापैकी कळायला लागतं.

पायरी ३: गडगडाटाचं कुटुंब

हे कुटुंब सगळ्यात आधी घ्या, कारण एक मूळ कळलं की तीन शब्द हातात येतात. लॅटिनमध्ये टोनारे म्हणजे गडगडणे, ढगांचं गडगडणं. त्याच्या आधी एक्स लावून एक्स्टोनारे असा शब्द झाला असावा, हा त्या स्टारवाल्यांपैकी. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये एस्टोनेर आलं, आणि त्यातून इंग्रजीत अस्टॉनिश, अस्टाउंड आणि स्टन. स्टनमध्ये फक्त सुरुवातीचा स्वर गळून पडला. म्हणजे तिघंही सख्खे भाऊ आणि तिघांचा मूळ अर्थ, वीज कडाडल्यासारखं बधिर होणं.

अस्टॉनिश इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ खरोखरच डोक्यात फटका बसून सुन्न होणं असा होता. पुढे तो निवळत निवळत मोठं आश्चर्य एवढ्यावर आला. स्टननं मात्र तो जुना फटका अजून सोडलेला नाही, म्हणून स्टन गन म्हणतात, अस्टॉनिश गन कोणी म्हणत नाही. बॉक्सरला ठोसा बसून तो स्टन्ड होतो. बातमी ऐकून पण माणूस स्टन्ड होतो, आणि ती बातमी चांगली असो की वाईट, क्षणभर त्याला काही सुचत नाही, हा भाग दोन्हीकडे सारखा.

आता खरी गंमत. टोनारेचं मूळ आणि इंग्रजी थंडरचं मूळ एकच. थर्सडे म्हणजे थॉरचा वार, तो थॉर पण गडगडाटाचाच देव. आणि संस्कृतात ढगाच्या गडगडाटाला स्तनित म्हणतात, मेघाला स्तनयित्नु म्हणतात, तेही याच मुळाचे. मेघदूतात यक्ष ढगाला सांगतो की माझ्या बायकोशी तुझ्या स्तनितवचनांनी, म्हणजे गडगडाटाच्याच शब्दांनी, बोल. ज्या रामगिरीवर तो यक्ष उभा होता तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेक असं मानतात. नागपूरहून तासाभराच्या अंतरावर. परीक्षेच्या यादीतला अस्टॉनिश आणि आषाढातला तो ढग यांचं इतकं जवळचं नातं आहे हे मला कोणीतरी शाळेतच सांगायला पाहिजे होतं असं अजून वाटतं. डेटोनेट, म्हणजे स्फोट करणे, पण यातलाच. टॉर्नेडो मागे स्पॅनिशमधला गडगडाटी वादळाचा शब्द आहे, तोही इथंच येऊन मिळतो.

पायरी ४: लढाईतून आलेले शब्द

सरप्राइज म्हणजे आपल्याला वाटतो बर्थडे केक. पण फ्रेंचमध्ये सुर म्हणजे वरून आणि प्रांद्र म्हणजे पकडणे, वरून झडप घालून धरणे. इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा शत्रूवर बेसावध असताना घातलेला छापा असाच त्याचा अर्थ होता. १६६३ मध्ये शिवाजी महाराज लाल महालात रात्री शायिस्तेखानावर चालून गेले, तो मूळ अर्थानं शंभर टक्के सरप्राइज. आनंदाची भावना नंतर चिकटली. म्हणूनच आजही सरप्राइजला चांगलं-वाईट असं काही नसतं, अपेक्षा नव्हती एवढंच तो सांगतो. सरप्राइज टेस्ट म्हणतो ना आपण.

शॉक पण युद्धातलाच. फ्रेंचमध्ये शॉक म्हणजे टक्कर, आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत तो दोन फौजा धावत येऊन एकमेकांवर आदळतात त्यासाठी वापरला जायचा. गाडीचे शॉकअप गेले असं मेकॅनिक सांगतो तेव्हा त्याच्या तोंडात तोच जुना अर्थ असतो, आदळआपट झेलणारी वस्तू. विजेचा शॉक १७४० च्या दशकात आला, लायडन जार नावाचं वीज साठवणारं भांडं तेव्हा नुकतं निघालं होतं आणि त्याला हात लावणाऱ्याला जे बसायचं त्याला काहीतरी नाव पाहिजे होतं. मग पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून परतलेले सैनिक थरथरत होते, बोलू शकत नव्हते, त्यांच्या अवस्थेला शेल शॉक म्हणायला लागले, १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरनं लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात तो शब्द वापरला. टक्कर, वीज, मन, असा एकाच शब्दाचा हा प्रवास. वापरताना एवढं बघा की शॉक्ड बहुतेक वेळा वाईट गोष्टीलाच लागतो. पोराला नव्वद टक्के पडले तर तुम्ही शॉक्ड नाही, अमेझ्ड.

टेकन अबॅक हा जहाजावरचा. वारा उलटा फिरून शिडावर समोरून आदळला आणि शीड डोलकाठीला चिकटलं की जहाज जागीच अडतं. कोणी एकदम काही बोललं आणि तुम्ही थबकलात, तर हा वापरा.

पायरी ५: अंगावर काय झालं ते विचारा

बाकीच्या शब्दांना एकच प्रश्न विचारायचा, माणसाच्या अंगावर नेमकं काय दिसलं?

अपॉल: चेहरा पांढरा पडला. जुन्या फ्रेंचमधला फिकट पडण्याचा शब्द, इंग्रजी पेल त्याच घरचा. कोणी काही अमानुष केलेलं बघून रक्त उतरतं तसं. म्हणून अपॉल्डमध्ये नेहमी निषेध असतो, कौतुक कधीच नाही.

अगास्ट: भूत दिसलं. याच्या मागे घाबरवण्याचा जुना इंग्रजी शब्द आहे आणि तो घोस्टच्या नात्यातला. जी नंतरचा एच उच्चारात नाही, तो घोस्टच्या स्पेलिंगकडे बघून आला. आणि घोस्टमध्ये तो आला कॅक्स्टनच्या छापखान्यातून, हा माणूस छपाई शिकून बेल्जियमच्या भागातून परतला आणि १४७६ ला इंग्लंडमध्ये छापखाना टाकला, तिकडच्या फ्लेमिश भाषेत तसं स्पेलिंग होतं.

स्टार्टल: दचकून उडी मारली. जुना अर्थ लाथा झाडणे, धडपडणे असा. हे क्षणभराचंच असतं, मागून हॉर्न वाजला तर स्टार्टल्ड. तासभर कोणी स्टार्टल्ड राहत नाही.

डम्फाउंड: वाचा बसली. डम्ब म्हणजे मुका आणि कन्फाउंडचं शेपूट, सतराव्या शतकात जोडलेला शब्द. आपला अवाक् अगदी हेच सांगतो, वाक् म्हणजे वाणी, ती नाही. गॉबस्मॅक्ड याचाच बोलीतला भाऊ, ब्रिटिश बोलीत गॉब म्हणजे तोंड आणि स्मॅक म्हणजे चापट. तो मित्रांमध्ये चालतो, अर्जात नाही.

पेट्रिफाय: दगड झाला. ग्रीकमध्ये पेट्रा म्हणजे खडक, पेट्रोलियम म्हणजे खडकातलं तेल. अहिल्येची शिळा झाली ते शब्दशः पेट्रिफाय. पण आज पेट्रिफाइड फक्त भीतीनं होतात, आनंदानं नाही.

हॉरर: केस उभे राहिले. आणि इथे परत संस्कृत येतं. लॅटिनमध्ये होर्रेरे म्हणजे केस ताठ होणे, संस्कृतात हृष् म्हणजे पण तेच, रोमहर्ष म्हणतो ना आपण. एकाच मुळातून तिकडे हॉरर झाला आणि इकडे हर्ष. भीतीनं पण काटा येतो आणि आनंदानं पण काटा येतो, अंग तेच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वही बाजूला ठेवून बराच वेळ नुसता बसलो होतो.

पायरी ६: हेच मराठीवर करून बघा

ही पायरी बरेच जण टाळतात, टाळू नका. स्वतःच्या भाषेत शब्द कसे सरकले ते बघितलं की इंग्रजीतलं सरकणं विचित्र वाटत नाही.

चकित घ्या. मेघदूतातच यक्ष बायकोचं वर्णन करतो, चकितहरिणीप्रेक्षणा. ती हरिणी नवल करत नाहीये, ती घाबरून बघतेय. चकितचा जुना अर्थ भ्यालेला, थरथरणारा. आज आपण जादूगाराचा खेळ बघून चकित होतो. अमेझचं अगदी हेच झालं, जुन्या इंग्रजीत तो सुन्न करणे, गोंधळवणे होता, भूलभुलैयाला मेझ म्हणतात तो यातूनच आला, आणि नवलाचा गोड अर्थ त्याला सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे मिळाला.

हैराण अरबीतून आला, तिकडे त्याचा अर्थ गोंधळलेला, बुचकळ्यात पडलेला. हिंदीत आजही हैरान म्हणजे चकित, पण आपण मे महिन्यात उन्हानं हैराण होऊन राहिलो. आणि आपला अजब बंगला! सेंट्रल म्युझियम १८६३ ला सुरू झालं, पण नागपूरकरांनी नाव ठेवलं ते बघितल्यावर जे वाटलं त्यावरून, अजब म्हणजे अरबीत नवल. असे शब्द मोल्सवर्थमध्ये काढून बघा, दोनशे वर्षांपूर्वी लोक ते कोणत्या अर्थानं बोलत होते ते त्यात दिसतं, आणि आजीच्या बोलण्यातले कितीतरी सापडतात.

पायरी ७: हे खड्डे चुकवा

कानाला सारखं म्हणजे मुळात सारखं, हा सगळ्यात मोठा खड्डा. शॉक आणि आपला शोक यांचा काही संबंध नाही, शोक संस्कृत शुच् चा. शौक तर तिसराच, अरबी. व्हॉट्सॲपवर ‘इंग्रजांनी आपला शब्द चोरला’ असे मेसेज फिरत असतात त्यातले बहुतेक असेच कानावरून जोडलेले असतात. स्तनित आणि अस्टॉनिशचं नातं खरं आहे ते ऐकायला जवळ वाटतात म्हणून नाही, तर मधला प्रत्येक टप्पा आणि आवाज बदलण्याचे नियम जुळतात म्हणून. टप्पे दाखवता येत नसतील तर पुढे फॉरवर्ड करू नका बाप्पा.

स्टन आणि स्टोन हा पण तसाच. दगडासारखा झाला म्हणून स्टन, असं क्लासमध्ये सांगितलं जातं, लक्षात राहायला सोपं आहे पण खोटं आहे. स्टोन हा जुन्या इंग्रजीतला वेगळाच शब्द.

दुसरा खड्डा, मूळ अर्थ म्हणजेच खरा अर्थ समजणे. ऑ म्हणजे भीतीयुक्त आदर, जुन्या नॉर्स भाषेतून आलेला. त्यापासून ऑफुल झाला तेव्हा तो देवासमोर वाटणाऱ्या धाकासाठी होता, एकोणिसाव्या शतकात तो नुसता ‘फार वाईट’ झाला. त्याच ऑ पासूनचा ऑसम आज ‘भारी’. टेरिफिकचं उलटं, आधी भीतीदायक, आता छान. आणि स्टुपिड! लॅटिनमध्ये स्टुपेरे म्हणजे थक्क होऊन सुन्न बसणे, स्टुपेंडस म्हणजे थक्क करणारं तो पण यातलाच. मूळ कितीही चांगलं असलं तरी कोणाला स्टुपिड म्हणून बघा, मार बसेल. म्हणून मूळ बघितल्यावर आजच्या डिक्शनरीतली दोन वाक्यं वाचल्याशिवाय शब्द वापरायचा नाही.

नॉनप्लस्ड हा तर सध्या बदलून राहिलाय. लॅटिन नॉन प्लुस म्हणजे ‘यापुढे काही नाही’, काय बोलावं ते सुचेना अशी अवस्था. पण अमेरिकेत बरेच लोक तो ‘काहीच फरक न पडलेला’ असा उलटा वापरतात. लिखाणात टाळलेला बरा.

पायरी ८: वाक्यात टाका

मराठीत मला आश्चर्य वाटलं आणि ती गोष्ट आश्चर्यकारक, हा फरक आपोआप येतो. इंग्रजीत तो शेपटीवर ठरतो. ज्याला वाटतं तो ई-डी, जे वाटायला लावतं ते आय-एन-जी. बातमी शॉकिंग, मी शॉक्ड. ‘आय ॲम सरप्राइजिंग’ म्हटलं तर मीच लोकांना चकित करतो असं होतं. आणि पुढे ॲट किंवा बाय लावायचं, फ्रॉम नाही, मराठीतल्या ‘-मुळे’ वरून फ्रॉम तोंडात येतं तेवढं सांभाळा.

रोज एकच शब्द घ्या: मूळ, टप्पे, अंगावर काय झालं, आजचा अर्थ, आणि तुमच्या स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य. वाक्य गाईडमधलं उतरवू नका, तुमच्या घरातलं, बसमधलं, मेसमधलं असू द्या.

सुरुवात बिविल्डरपासून करा, त्यात रानात वाट चुकलेला माणूस सापडेल. मग परप्लेक्स, त्यात गुंतलेले धागे आहेत. नंतर मार्व्हल घ्या, आणि तो काढताना ॲडमायर, मिरॅकल आणि मिरर या तिन्ही नोंदी सोबत उघडून ठेवा, चौघांमागे लॅटिनचं नवलानं बघण्याचं एकच क्रियापद आहे, वहीत बाण काढायला जागा सोडा.